कामाचा तास कोणाच्या वहीत?

मराठी माणसाला आपल्या कामाचा हिशेब मांडायचा असेल तर अरबी-फारसीच्या दारावरून जावेच लागते. हजेरी, गैरहजेरी, रोज, रोजंदारी, हप्ता, मजूर, मुकादम, कारकून, तारीख आणि खुद्द हिशेब, हे सगळे शब्द तिकडून आलेले. 'पगार' तेवढा पोर्तुगिजांकडून आला. 'बिगारी'ची गोष्ट तर वेगळीच. फारसीत 'बेगार' म्हणजे मोबदला न देता करून घेतलेले काम, आपली वेठ. आज बांधकामावर रोज घेऊन राबणाऱ्याला आपण बिगारी म्हणतो. पैसे मिळू लागले, नाव मात्र तेच राहिले.

आणि 'तास'. मी उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवते, त्यामुळे हा शब्द मुलांना दरवर्षी फोडून सांगते. 'तास' म्हणजे मुळात धातूचे पात्र, वाडगा. पुढे त्याचाच अर्थ टोले देण्याची धातूची थाळी असा झाला आणि मग त्या टोल्यांनी मोजल्या जाणाऱ्या वेळेलाच मराठीत तास म्हणू लागले. आमच्या शाळेत अजूनही शिपाईमामा लोखंडी हातोडीने पितळेच्या जाड थाळीवर टोला देतात आणि गणिताचा 'तास' संपतो. आपण तोच शब्द रोज वाजवतो आणि तो काय म्हणतो आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

हे सगळे डोक्यात फिरण्याचे कारण माझा भाचा. तो बाळकुममध्ये राहतो, वेबसाइटची पाने रचण्याचे काम करतो. त्याचे ग्राहक अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये. त्याच्या लॅपटॉपवर कोपऱ्यात एक छोटे घड्याळ सतत पळत असते. काम सुरू केले की बटण दाबायचे, उठले की पुन्हा दाबायचे. आठवड्याच्या शेवटी त्या घड्याळाने जितके तास सांगितले तितक्याचेच पैसे. आपाला, म्हणजे माझ्या बहिणीला, याची भारी चिंता. "पोरगा घरात बसून असतो, तरी चहा घ्यायला बोलावले तर म्हणतो थांब, घड्याळ चालू आहे." शेजारपाजारच्यांना तर हे काम आहे हेच पटत नाही. माझे म्हणणे असे की यात नवीन फारच थोडे आहे. बाळकुमच्या आजूबाजूला गेल्या दीडशे वर्षांत कामाचा तास मोजण्याच्या जवळपास सगळ्या तऱ्हा होऊन गेल्या. आणि प्रत्येक वेळी भांडण एकाच गोष्टीवरून झाले: मोजणारा कोण, आणि लिहिलेले कोणाच्या वहीत.

आधी थोडे मागे जाऊ. बाबराने आपल्या आठवणींत हिंदुस्तानातल्या घडियालींचे वर्णन केले आहे. दिवस-रात्र मिळून साठ घड्या, एक घडी आपल्या २४ मिनिटांची. तळाला छिद्र असलेले भांडे पाण्यात सोडायचे, ते भरून बुडाले की घडी झाली, मग पितळेच्या थाळीवर टोले. बाबराला यात एक खोट दिसली. रात्री मध्येच जाग आलेल्या माणसाला टोले ऐकू येतात, पण प्रहर कितवा हे कळत नाही. त्याने हुकूम दिला की घडीचे टोले झाले की जरा थांबून प्रहराचेही टोले द्यायचे. बादशहाचा हा बारकावा मला फार आवडतो. पण ही सोय शहरातली, किल्ल्यातली. शेतकऱ्याला, कोष्ट्याला, जुलाह्याला सूर्य पुरेसा होता. मशिदीतही तेच. नमाजच्या वेळा सूर्यावरून ठरतात, आणि त्या अचूक काढण्यासाठी दमास्कस-कैरोच्या मोठ्या मशिदींत 'मुवक्कित' नेमलेले असत. चौदाव्या शतकातला थोर खगोलशास्त्रज्ञ इब्न अल-शातिर हा दमास्कसच्या उमय्या मशिदीचा मुवक्कित होता. १३७१ साली त्याने तिथल्या मिनारासाठी जे सूर्यघड्याळ बनवले त्याचे नाव आजही घेतले जाते. वेळ मोजणे ही तेव्हा विद्वानाची नोकरी होती. मात्र तो मोजलेल्या वेळेचे कोणाला पैसे देत नव्हता की कोणाचे कापत नव्हता.

कापाकापी सुरू झाली ती गिरणीपासून.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी काढली, १८५६ मध्ये तिचे काम सुरू झाले. पुढच्या तीस वर्षांत गिरणगाव उभे राहिले. कामगारांकडे घड्याळे नव्हती म्हणून गिरणीने भोंगा वाजवायचा. पण काम सुटायचे कधी? दिवस मावळला की. म्हणजे आत यायची वेळ मालकाच्या भोंग्यावर आणि बाहेर पडायची सूर्यावर. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम जास्त. पगार मात्र ऋतूप्रमाणे वाढत नव्हता.

या जागी आपल्या ठाण्याचा एक माणूस येतो. नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८ चा, ठाण्यातला. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. आधी रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी, मग मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. वही सांभाळणारा माणूस होता तो. माल किती आला, किती गेला याची नोंद ठेवता ठेवता त्याला दिसले असणार की माणसाच्या वेळेची नोंद कोणी ठेवतच नाही. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचाराचा हा कार्यकर्ता १८८० पासून 'दीनबंधु' चालवत होता. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये त्याने परळला कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार जणांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. मागण्या अशा: आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झाल्यास भरपाई.

तिसरी मागणी पुन्हा वाचा. सकाळी साडेसहा, म्हणजे घड्याळ. संध्याकाळी सूर्यास्त. एकाच ओळीत दोन जमाने बसले आहेत. साडेपाच हजार माणसे घड्याळ मागत होती! कारण घड्याळ दिसले तर ते मालकालाही बांधून ठेवते. ई. पी. थॉम्पसन या इंग्रज इतिहासकाराने १९६७ च्या एका गाजलेल्या लेखात लिहिले आहे की इंग्लंड-स्कॉटलंडच्या गिरण्यांत मालक सकाळी घड्याळाचे काटे पुढे आणि संध्याकाळी मागे सरकवत, आणि कामगाराने खिशात घड्याळ बाळगायचीही भीती असे. आपल्याकडे घड्याळ बाळगण्याची ऐपतच नव्हती, एवढाच फरक.

रविवारच का, असा प्रश्न मला एकदा वर्गात एका मुलीने विचारला होता. "मॅडम, जुम्मा का नाही?" लोखंड्यांचे उत्तर असे होते की रविवार हा खंडोबाचा वार आहे. इंग्रजांच्या चर्चचा दिवस आणि जेजुरीच्या देवाचा दिवस एकच निघाला आणि मागणीला जोर आला. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, त्या सभेत दोन बायाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज शाळेला, बँकेला, सगळ्यांना रविवार मिळतो, त्यामागे ठाण्यात जन्मलेल्या या माणसाची सहा वर्षांची चिकाटी आहे. आणि आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे असे आणखी एक: १८९३ ला मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल झाली तेव्हा याच लोखंड्यांनी राणीच्या बागेत सर्व धर्मांच्या लोकांची सभा घेऊन सलोख्याचे काम केले. १८९७ च्या प्लेगमध्ये ते गेले. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांना मिळणाऱ्या दोन ओळी मला नेहमी कमी वाटतात.

१८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची विश्रांती सरकारी झाली, बायकांना अकरा तासांची मर्यादा आली. पुरुषांच्या तासांना मर्यादा आलीच नाही. मग विजेचे दिवे आले. १९०५ च्या सुमारास बऱ्याच गिरण्यांत वीज पोहोचली आणि सूर्यास्ताचा आडोसा गेला. चौदा-पंधरा तास काम चालू लागले. दिवस संपवण्याचे काम आतापर्यंत सूर्य फुकटात करत होता, ते आता कायद्याला करावे लागणार होते. ते व्हायला १९११ उजाडले: कापड गिरणीत पुरुषांना बारा तास. पुढे १९२२ ला दिवसाला अकरा, आठवड्याला साठ. १९३४ ला दहा आणि चोपन्न. १९४६ ला आठवड्याला अठ्ठेचाळीस. ते विधेयक मजूरमंत्री म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडले. समाजमाध्यमांवर 'बाबासाहेबांनी एका झटक्यात बारा तासांचे आठ केले' असे फिरते, ते बरोबर नाही. मला वाटते खरी हकिगत त्याहून मोठी आहे. पन्नास-साठ वर्षे, तासातासाने.

याच काळात मुंबईत आणखी एक भांडण चालू होते, खुद्द घड्याळाचे. मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेवर धावायची, ती मुंबईच्या सुमारे अर्धा तास पुढे. म्हणजे ठाण्याच्या माणसाला गाडी पकडायची तर अर्ध्या तासाची बेरीज डोक्यात करावी लागे. १८८१ ला गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईतही मद्रासची वेळ लागू करण्याचा हुकूम काढला, लोकांनी इतका विरोध केला की दोन वर्षांत तो मागे घ्यावा लागला. मग १ जानेवारी १९०६ ला आजची भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईचे घड्याळ एका रात्रीत ३९ मिनिटे पुढे गेले. फिरोजशहा मेहतांसारखे पुढारी महापालिकेत मुंबई वेळेच्या बाजूने उभे राहिले, आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे शहरात दोन वेळा नांदल्या. पण मला जास्त बोलके वाटतात ते त्या जानेवारीत काम बंद करून दगड भिरकावणारे गिरणी कामगार. त्यांना ग्रिनिचशी काय देणेघेणे? त्यांचा हिशेब सरळ होता. भोंगा घड्याळात तीच वेळ दाखवणार, पण सूर्याच्या मानाने आपण ३९ मिनिटे आधी अंथरुणातून उठणार. सह्या मुंबईच्या आणि सिमल्याच्या कचेऱ्यांत झाल्या, झोप गेली परळच्या चाळीत.

यंत्राने हजेरी घेण्याची तऱ्हाही साधारण याच वेळची. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावचा विलार्ड बंडी हा जवाहिऱ्या. त्याने १८८८ च्या सुमारास एक घड्याळ बनवले. प्रत्येक कामगाराला आपल्या नंबराची किल्ली, ती फिरवली की कागदी पट्टीवर नंबर आणि वेळ छापली जाई. त्याची कंपनी इतर कंपन्यांत मिसळत मिसळत १९११ ला एका मोठ्या कंपनीचा भाग झाली आणि त्या कंपनीने १९२४ ला नाव बदलले: आयबीएम. संगणकाच्या जगातल्या या दादा कंपनीच्या घराण्यात कामगाराची हजेरी घेणारे घड्याळ आहे. माझ्या भाच्याला हे सांगितले तेव्हा त्याने आधी मोबाइलवर खात्री केली, मग मान हलवली.

माझे अब्बा वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात होते. एमआयडीसीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वसवलेली ही पहिली वसाहत. लहानपणी मला अब्बांचे हजेरीचे कार्ड हाताळायला आवडायचे, पिवळट जाड कार्ड, त्यावर निळ्या शाईत वेळा. कुठे कुठे लाल. लाल म्हणजे उशीर. त्या कारखान्यात तीन मिनिटे उशीर झाला की अर्धा तास कापत. कंपनीचे नाव इथे घेत नाही. पण मी पुढे गणित शिकले तेव्हा मला पहिल्यांदा राग आला तो या तीन आणि तीसच्या गुणोत्तराचा. उलट दिशेने हिशेब कधी झाला नाही. पाळी संपल्यावर सुपरवायझरने पंधरा मिनिटे थांबवून ठेवले तर कार्डावर ती पंधरा मिनिटे छापली जात, पगारात उतरत नसत. जुम्म्याच्या नमाजला जायचे तर फोरमनकडे तोंड वेंगाडावे लागे. कोणी सोडे, कोणी नाही.

अम्मीच्या माहेरी, भिवंडीत, कशेळीच्या पुलापलीकडे, वेगळीच रीत. तिथे यंत्रमागावर पाळी बारा तासांची, पण पैसे तासाचे नाहीत. कापड किती निघाले त्याचे. माग बंद पडला, सूत तुटत राहिले, वीज गेली, तर तासन् तास उभे राहूनही मजुरी शून्य. मामू म्हणायचे, कारखान्यात घड्याळ असते ते फक्त मेहताजीच्या डोक्यावर. मराठीत याला दोन छान शब्द आहेत. एक 'रोजाने' काम, एक 'उक्ते' काम. रोजाने घेतले तर वेळेचा धोका मालकाचा, उक्ते घेतले तर मजुराचा. भाच्याच्या धंद्यातही हेच दोन प्रकार आहेत, तासाचा करार आणि ठोक करार. इंग्रजी नावे लावली की ते नवीन वाटतात.

आता लॅपटॉपवरच्या घड्याळाकडे येऊ. मला त्याची दोन घराणी दिसतात. एक वकिलांचे. बॉस्टनच्या रेजिनाल्ड हेबर स्मिथ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत आपल्या वकिली कचेरीत प्रत्येकाला वेळपत्रक भरायला लावले, तासाचे दहा भाग करून, म्हणजे सहा-सहा मिनिटांनी. कोणत्या अशिलासाठी किती वेळ गेला हे कळावे आणि बिल नीट काढता यावे, हा हेतू. २००६ ला निघालेली एस्टोनियाची टॉगल आणि न्यूयॉर्कची हार्वेस्ट, २०१७ ची सर्बियातली क्लॉकिफाय ही प्रामुख्याने या घराण्यातली. बटण दाबा, कोणाचे काम ते निवडा, थांबवा. महिनाअखेर तक्ता मिळतो: या ग्राहकाचे चाळीस तास, त्या ग्राहकाचे बारा. दर टाकला की बिल तयार. एकट्याने काम करणाऱ्याला यात खरा फायदा आहे. भाच्याला असेच एकदा कळले की ज्या ग्राहकाला तो सर्वांत चांगला समजत होता त्याच्या फुकटच्या दुरुस्त्यांत महिन्याचे अकरा तास जात होते.

दुसरे घराणे कारखान्याच्या फाटकाचे. २००३ ला ओडेस्क ही कंपनी निघाली. स्थापणारे दोघे ग्रीक मित्र, एक अमेरिकेत, एक ग्रीसमध्ये, लांबून एकत्र काम कसे करायचे हा त्यांचा प्रश्न. पुढे तिचे एलान्सशी एकत्रीकरण झाले आणि २०१५ पासून नाव झाले अपवर्क. तिच्या घड्याळाची रीत अशी: तासाचे दहा-दहा मिनिटांचे सहा तुकडे. प्रत्येक तुकड्यात केव्हातरी, न सांगता, पडद्याचे एक चित्र टिपले जाते. कळा किती दाबल्या, माऊस किती हलला याचीही मोजणी होते. हे सगळे ग्राहकाला दिसते. एखादे चित्र पुसायचा हक्क काम करणाऱ्याला आहे, पण चित्र पुसले की ती दहा मिनिटेही बिलातून गेली. २०१२ ची हबस्टाफही याच वाटेची. टॉगलवाले उलट उघडपणे सांगतात की आम्ही चित्रे टिपणार नाही.

मग कोणी हे का पत्करतो? कारण गरज. हजारो मैलांवरच्या, कधी न पाहिलेल्या ग्राहकाने पैसे बुडवले तर बाळकुमचा मुलगा कोणत्या कोर्टात जाणार? अशा घड्याळाने टिपलेल्या तासांच्या पैशांची हमी ते व्यासपीठ घेते. स्वतः हाताने भरलेल्या तासांना ती हमी नाही. म्हणजे पाळत ही हमीची किंमत आहे. लोखंड्यांच्या काळातल्या कामगाराकडे दाखवायला कागद नव्हता. जॉबरने हजेरी मांडली तर मांडली, त्यासाठी दस्तुरी द्यावी लागे ती वेगळीच. भाच्याकडे निदान पुरावा आहे, मिनिटामिनिटाचा. या गोष्टीला जुलूम म्हणून मोकळे होणाऱ्यांशी मी सहमत नाही. अस्रच्या नमाजला तो बटण थांबवतो आणि उठतो, कोणाची परवानगी लागत नाही. जुम्म्याला दोन तास दुकान बंद. अब्बांना हे सुख मिळाले नाही.

पण जे मोजले जात नाही त्याकडेही बघायला हवे. रचना सुचत नाही म्हणून तो खाडीच्या बाजूला चालून येतो, परत येतो आणि वीस मिनिटांत काम संपवतो. घड्याळाच्या मते काम वीस मिनिटांचे. नवीन काही शिकायला लागणारा वेळ, ग्राहकाच्या उत्तराची वाट बघत जागलेली रात्र, काम मिळवण्यासाठी लिहिलेले अर्ज, हे सगळे त्याच्या खर्चाने. आमच्या शिक्षकांचेही तसेच आहे म्हणा, तपासलेल्या वह्यांचे तास कोणत्या मस्टरवर येतात?

याहून मोठी अडचण वेगळी आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात दिवसाला नऊ, आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा होती आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट दर. हा दुप्पट दर मजुराला श्रीमंत करण्यासाठी नव्हता. मालकाला जास्त वेळ राबवून घेणे महाग पडावे म्हणून होता. लॅपटॉपवरचे घड्याळ तास मोजण्यात गिरणीच्या कारकुनाहून शंभर पट अचूक आहे, पण एकावन्नावा तास आणि पाचवा तास त्याला सारखेच. अपवर्कवर आठवड्याच्या तासांना मर्यादा घालता येते, ती ग्राहक घालतो, आपल्या खिशाला जपण्यासाठी. काम करणाऱ्याच्या डोळ्यांसाठी आणि पाठीसाठी तशी मर्यादा कोणी घालत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग वर्कर' हा शब्द आला, चांगले झाले. पण तिचा भर सामाजिक सुरक्षेच्या योजनांवर आहे. रविवारचे काय? अपवर्कचा आठवडा जागतिक प्रमाणवेळेने रविवारी मध्यरात्री बंद होतो, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाचला. आठवड्याचे तास भरायचे राहिले असतील तर ते भरण्याची शेवटची रात्र रविवारची. भाच्याच्या खोलीतला दिवा मी रविवारी रात्री दोनलाही पाहिला आहे. ३९ मिनिटांसाठी दगड उचलणाऱ्यांची मला तेव्हा आठवण झाली, कारण याच्यासमोर दगड मारायला गिरणीच नाही.

गेल्या वर्षापासून गोष्ट आणखी पुढे गेली आहे. काम वाढले म्हणून त्याने दोन मुलींना बरोबर घेतले. एक राबोडीची, एक मुंब्र्याची, तिला लहान मूल आहे. दोघीही आपापल्या घरून काम करतात. आणि पहिल्याच आठवड्यात प्रश्न उभा राहिला: यांचे तास कसे मोजायचे? भाचा आता मुकादमाच्या जागी. चित्रे टिपणारे घड्याळ लावायचे का? ग्राहक आपल्याला लावतो, मग आपण का नाही, असे त्याचे म्हणणे. मुंब्र्याची मुलगी साफ नाही म्हणाली. तिच्या घरी एकच लॅपटॉप, त्यावर तिच्या सासूचे डॉक्टरचे रिपोर्ट, घरचे फोटो. पडद्यावर कधी काय असेल सांगता येत नाही. "उक्ते द्या," ती म्हणाली, "पानामागे इतके." राबोडीच्या मुलीला उक्ते नको होते. तिची मामी भिवंडीत मागावर काम करणाऱ्या घरातली, 'वीज गेली तर कोणाची गेली' हा प्रश्न तिला पाठ होता.

तीन रात्री हा वाद चालला, त्यातल्या एका रात्री मीही चहा करायला होते. शेवटी ठरले ते असे. साधे घड्याळ, चित्रांशिवाय. तिघांचेही तास एकाच तक्त्यात, आणि तक्ता तिघांनाही उघडा, भाच्याचे तास आणि ग्राहकाकडून आलेली रक्कमही त्यातच. एका पानाला ठरल्याहून फार जास्त वेळ गेला तर का गेला याची एक ओळ शेजारी लिहायची. आठवड्याला पंचेचाळीस तासांपुढे कोणी भरायचे नाही, भाच्यानेही नाही, काम उरले तर ग्राहकाकडे मुदत मागायची. ही शेवटची अट राबोडीच्या मुलीची. भाच्याने ती लगेच मानली नाही. धंद्यात असे चालत नाही वगैरे सांगून पाहिले, मग मानली.

परवा त्यांचे पुन्हा अडले. मुंब्र्याच्या मुलीने ग्राहकाशी चाळीस मिनिटे फोनवर बोलून त्याचा गैरसमज दूर केला होता, पण त्या वेळी ती मुलाला भरवत होती आणि घड्याळ सुरू करायला विसरली. तक्त्यात तो वेळ नव्हता. ग्राहकाला तर फोनचे बिल लावता येत नव्हते. बराच वेळ हिशेब करून त्यांनी ती चाळीस मिनिटे तिच्या नावावर लिहिली आणि पैसे तिघांच्या वाट्यातून सारखे कापले.